कर्करोगग्रस्त ज्येष्ठांचे पडणे : घराघरांतील एक दुर्लक्षित संकट

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानमालेत आरोग्यविषयक एक भाषण असावे असे ठरले आणि ते काम मजकडे सोपविण्यात आले. मी वैद्यकीय व्यवसायातील नाही. वाणिज्य शाखेची पदवी आणि चाळीस वर्षे कापडाची गादी, एवढीच माझी शिदोरी. परंतु संस्थेच्या वैद्यकीय साहाय्य समितीवर असल्यामुळे मदतीसाठी आलेले अर्ज मला वाचावे लागतात. त्या अर्जांत एक गोष्ट माझ्या नजरेस येत गेली. कर्करोगाच्या उपचारासाठी एखाद्या घरातून अर्ज येतो, समिती यथाशक्ती साहाय्य देते, आणि काही महिन्यांनी त्याच घरातून, त्याच रुग्णासाठी दुसरा अर्ज येतो. त्यावर कारण लिहिलेले असते : ‘घरात पडल्यामुळे खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया करावयाची आहे.’ हे दोन अर्ज आपण दोन वेगवेगळ्या फाइलींत लावतो. वस्तुतः ते एकाच खात्याचे असतात, हे आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

पन्नास वर्षांपूर्वी ज्या तरुणांनी या वास्तूच्या पायाभरणीसाठी श्रमदान केले, ते आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांतील काही या सभागृहात पहिल्या रांगेत बसलेले दिसतात, त्यांना माझा प्रथम नमस्कार. हा विषय त्यांचा आहे, आणि त्यांच्या मुला-सुनांचा त्याहून अधिक आहे.

वृद्धापकाळी माणूस पडतोच, त्यात नवल ते काय, असे आपण म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अहवालानुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींपैकी साधारणतः २८ ते ३५ टक्के व्यक्ती दरवर्षी एकदा तरी पडतात. याच संघटनेने २०२१ साली दिलेल्या माहितीप्रमाणे जगात वर्षाकाठी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे प्राणास मुकतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल याचाच क्रमांक लागतो. हे झाले सर्वसाधारण ज्येष्ठांविषयी. कर्करोग झालेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत वयाची वजाबाकी चालू असतानाच रोग आणि उपचार या दोहोंची वजाबाकी तिच्यात मिळते.

त्यातील सर्वांत कमी ठाऊक असलेली बाब म्हणजे नसांवर होणारा परिणाम. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन, सिस्प्लॅटिन, व्हिनक्रिस्टिन, बोर्टेझोमिब अशी जी औषधे वेगवेगळ्या कर्करोगांत दिली जातात, ती रोगाच्या पेशींबरोबर हातापायांच्या टोकांकडील नसांनाही इजा करू शकतात. तळपायाला मुंग्या येतात, जळजळ होते, पुढे संवेदना कमी होते. पायाखाली फरशी आहे की सतरंजी, ओले आहे की कोरडे, हे मेंदूला वेळेवर कळत नाही. पायातली चप्पल निसटून मागे राहिली तरी माणूस दोन पावले तसाच पुढे जातो. घरच्यांना हे विसरभोळेपणाचे लक्षण वाटते. ते नसांचे लक्षण असू शकते.

मला ही गोष्ट समजली ती आमच्या दुकानात. माझे थोरले बंधू पंचावन्न वर्षे कापडाच्या व्यवसायात होते. डोळे मिटून, ठाणाचा कोपरा अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून ते सांगत असत की हे सुती आहे, यात पॉलिएस्टरचा भाग आहे, हे मलमल अमुक दर्जाचे आहे. गिरणीचे प्रतिनिधी त्यांच्या बोटांना भीत असत. २०१६ साली वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, पुढे ऑक्झॅलिप्लॅटिन असलेली केमोथेरपी सुरू झाली. चौथ्या-पाचव्या फेरीनंतर एके दिवशी ते गादीवर बसले असता नमुन्याचा तुकडा त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो बराच वेळ चुरगाळून पाहिला आणि शांतपणे परत केला. ‘पोत कळत नाही,’ एवढेच म्हणाले. नोटा मोजताना दोन-दोन एकदम सुटत, म्हणून गल्ला त्यांनी आपण होऊन पुतण्याकडे दिला.

बोटांचे जे झाले होते तेच तळपायांचेही झाले होते, मात्र ते दिसत नव्हते. दुकानाच्या पायरीवर ते एकदा पडले आणि न्हाणीघरात एकदा. दोन्ही वेळा कुणी पाहिले नाही आणि त्यांनीही कुणाला सांगितले नाही. तिसऱ्यांदा पहाटे चारच्या सुमारास लघवीस जाताना पडले तेव्हा खुबा मोडला, आणि त्यानंतर रुग्णालयात विचारणा झाली तेव्हा आधीच्या दोन वेळा त्यांनी सांगितल्या. लपविण्याचे कारणही सांगितले. डॉक्टरांना कळले तर केमो थांबवतील आणि रोग वाढेल, व मुलांना कळले तर दुकानात येऊ देणार नाहीत, या दोन भीती त्यांच्या मनात होत्या. केमोच्या प्रत्येक फेरीपूर्वी त्यांना भूक, झोप, शौच, ताप यांविषयी विचारले जाई. पडलात का, हा प्रश्न तेथे कधी आला नाही. शस्त्रक्रियेमुळे केमो कित्येक आठवडे लांबली. पुढे ते तीन वर्षे जगले, वॉकर घेऊन स्थानकातही येत. मात्र दुकानाची पायरी ते पुन्हा चढले नाहीत, आणि रोगापेक्षा त्याचेच दुःख त्यांना अधिक होते असे मला वाटते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. मुंग्या-बधिरपणा वाढत आहे असे वेळीच सांगितले तर कर्करोगतज्ज्ञ औषधाची मात्रा कमी करू शकतात, ते एक औषध थांबवून बाकीची चालू ठेवू शकतात, किंवा पर्याय शोधू शकतात. सांगणे म्हणजे उपचार सोडणे नव्हे. तसेच ऑक्झॅलिप्लॅटिनसारख्या औषधांचा बधिरपणा औषध थांबविल्यानंतरही काही महिने वाढू शकतो, म्हणून ‘केमो संपली, आता सुटलो’ असे समजून घरच्यांनी ढिलाई करू नये.

पडल्याची नोंद उपचाराच्या दृष्टीनेही किती मोलाची असते, याचे एक उदाहरण देतो. अमेरिकेतील डॉ. आरती हुरिया या भारतीय वंशाच्या विदुषीने वृद्धांचा कर्करोग हेच आपले कार्यक्षेत्र केले होते. २०१८ साली त्यांचे अकाली निधन झाले. २०११ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५ वर्षे व त्यावरील ५०० रुग्णांचा अभ्यास करून, केमोथेरपीचे तीव्र दुष्परिणाम कोणाला होण्याचा संभव अधिक आहे हे आधीच सांगणारी गुणपद्धती तयार केली. तीत ११ बाबी आहेत आणि एकूण गुण २३. मी हिशेबाचा माणूस असल्याने ते कोष्टक मला फार उद्बोधक वाटले. वय ७२ किंवा अधिक असल्यास २ गुण. आणि गेल्या सहा महिन्यांत एकदा जरी पडला असल्यास ३ गुण! म्हणजे वयापेक्षा पडण्याचे वजन अधिक. रक्तातील हिमोग्लोबिन बरेच कमी असणे किंवा मूत्रपिंडाचे काम फार मंदावणे, यांनाही तेवढेच ३ गुण आहेत. आपण रक्ताचा अहवाल प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून नेतो आणि पडल्याची गोष्ट घरीच ठेवून जातो. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत केमोपूर्वी ज्येष्ठ रुग्णाला पडण्याविषयी विचारावे असे सांगितले. आपल्याकडेही मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २०१८ पासून वृद्ध कर्करुग्णांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालतो, तेथे चालणे, तोल, स्मरण, आहार, चालू औषधे अशा सर्व अंगांनी तपासणी होते.

नसांखेरीज इतर कारणे अनेक आहेत, त्यांपैकी ठळक तेवढीच घेतो. स्टेरॉइडच्या गोळ्या अधिक दिवस चालल्या तर मांड्यांचे स्नायू क्षीण होतात. अशा माणसाला सपाटीवर चालता येते, पण शौचकूपावरून किंवा खालच्या बैठकीवरून उठता येत नाही. पुरस्थ ग्रंथीच्या म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगात हार्मोन रोखणारी इंजेक्शने देतात, त्यांनी स्नायू आणि हाडे दोन्ही विरळ होतात. स्तनाच्या कर्करोगानंतर ज्या भगिनी लेट्रोझोल किंवा अनास्ट्रोझोल वर्षानुवर्षे घेतात, त्यांचीही हाडे ठिसूळ होतात. अशांनी डॉक्टरांना विचारून हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्यावी. ती वेदनारहित आहे. हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिडचे इंजेक्शन सुचविले गेले तर आधी दातांची तपासणी करून घ्यावी लागते, हेही लक्षात असू द्यावे.

आणि गोळ्या! रक्तदाबाच्या ज्या गोळ्या सत्तर किलो वजनाच्या गृहस्थाला लागू होत्या, त्याच गोळ्या तो अठ्ठावन्न किलोंचा झाल्यावर आणि जेवण अर्ध्यावर आल्यावर तशाच चालू राहतात. कारण रक्तदाबाचे डॉक्टर वेगळे, कर्करोगाचे वेगळे, आणि दोन्ही कागद एकत्र पाहणारा कोणी नसतो. बसल्याचे उभे राहताच वरचा रक्तदाब २० अंकांनी किंवा खालचा १० अंकांनी उतरला तर तो विकार समजला जातो. घरातील यंत्रावर आधी आडवे असताना आणि मग उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत, असा दोनदा रक्तदाब मोजून हे पाहता येते. झोपेच्या गोळ्यांविषयी तर मी स्पष्टच बोलतो. आपल्या समाजात अल्प्राझोलॅमची गोळी शेजारणीने शेजारणीला द्यावी इतकी घरगुती झाली आहे. तिच्या जोडीला वेदनाशामक मॉर्फिनवर्गीय औषध असेल, तर मध्यरात्री उठलेला रुग्ण अर्धवट गुंगीतच चालत असतो. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये, परंतु सर्व गोळ्यांची एकत्र यादी करून प्रत्येक डॉक्टरांपुढे अवश्य ठेवावी.

आता पडल्यानंतरची बाजू. निरोगी माणूस पडला तर खरचटते किंवा हाड मोडते. केमोथेरपीनंतर साधारणतः सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान रक्तातील पेशी खूप उतरलेल्या असतात. दीड लाखाच्या वर असावयाच्या प्लेटलेट्स काही हजारांवर आलेल्या असल्या, तर डोक्याला बसलेला लहानसा मारही आत रक्तस्राव करू शकतो. रक्त पातळ करण्याचे औषध चालू असेल तर तीच गोष्ट. अशा रुग्णाचे डोके आपटले असेल तर तो ‘मला काही झाले नाही’ असे म्हणत असला तरी त्याला रुग्णालयात दाखवावे, टेंगळावर हळद लावून थांबू नये. पडल्यावर खुब्यात तीव्र वेदना असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर दोन्ही बखोट्यांना धरून उभे करण्याची घाई करू नये. आहे तेथेच उशी-पांघरूण देऊन १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आणखी एक धोक्याची खूण : पाठीत नव्याने दुखू लागणे, दोन्ही पायांतील शक्ती जाणे, लघवी किंवा शौचावरील ताबा सुटणे. रोग मणक्यात पसरून मज्जारज्जूवर दाब आल्याची ती लक्षणे असू शकतात. तेथे सोमवारच्या ओपीडीची वाट पाहावयाची नसते, त्याच दिवशी जावयाचे असते.

घरातील व्यवस्थेविषयी माझ्या व्यवसायाच्या अनुभवातून थोडे अधिक बोलण्याची अनुमती द्यावी. रुग्णाचे वजन उतरते, कपडे मात्र पूर्वीचेच राहतात. नाडी कितीही आवळली तरी पायजमा खाली सरकतो आणि टाचेखाली येतो. धोतराचा सोगा पायात येतो, साडीच्या निऱ्या खाली सुटतात, गाऊन तर बहुतेक भगिनींचा जमिनीवर लोळतच असतो. केमो सुरू होताना शिंप्याकडून सर्व नित्याचे कपडे घोट्याच्या वर चार बोटे येतील असे करून घ्यावेत. पन्नास-शंभर रुपयांचे हे काम आहे. पॉलिएस्टर साटीनचा परकर आणि तशीच गुळगुळीत चादर, दोन्ही एकमेकांवर घसरतात; पलंगाच्या कडेवर बसलेली वृद्ध स्त्री अलगद खाली येते. सुती चादर, सुती परकर, हेच योग्य. माझ्या दुकानात सुती माल अधिक आहे म्हणून सांगत नाही! नायलॉनचे मोजे घालून संगमरवरावर चालणे म्हणजे तर आमंत्रणच. तळव्याला रबराचे ठिपके असलेले मोजे मिळतात, ते घ्यावेत. स्थानकात किंवा मंदिरात पादत्राणे काढावी लागतात, आणि ज्याच्या तळपायाला संवेदना नाही त्याला अनवाणी चालणे अवघड जाते. त्यालाही अशा मोज्यांचा उपयोग होतो.

न्हाणीघरात टॉवेल अडकविण्याच्या दांडीला धरून उठणारे पुष्कळ आहेत. ती दांडी टॉवेलचे वजन पेलण्यासाठी असते, माणसाचे नव्हे. ती भिंतीतून उपटून हातात येते. शौचकूपाशेजारी आणि नळाजवळ पक्क्या भिंतीत बसविलेला स्टीलचा आधारदांडा हवा. पाट बाजूला ठेवून स्नानासाठी रबरी पायांची खुर्ची घ्यावी. कडी आतून न लावण्याची सवय करावी. पलंगापासून शौचालयापर्यंत रात्रभर मंद दिवा असावा आणि त्या वाटेवरील पायपुसणी, सतरंजीचे दुमडलेले टोक, मोबाइलच्या चार्जरची वायर हे सर्व उचलावे. पलंगाजवळ मूत्रपात्र ठेवण्यात कोणताही कमीपणा नाही. आपल्या नव्या इमारतींत आरशासारख्या चकचकीत फरश्या बसविण्याची जी चढाओढ चालली आहे, तिच्याविषयी मी अधिक बोलत नाही, यजमान दुखावतील.

आपल्या आचाराशी संबंधित एक नाजूक भाग उरतो. उपवास, आयंबिल, एकासन, चौविहार हे आपल्या जीवनाचे अंग आहे आणि रुग्णांचीही त्यावर नितांत श्रद्धा असते. परंतु केमोच्या दिवसांत पाणी कमी पडले की रक्तदाब उतरतो, मधुमेह्याची साखर उतरते, आणि माणूस उठताना भोवळ येऊन पडतो. सूर्यास्तापूर्वी एकदम तांब्याभर पाणी पिऊन घेणाऱ्याला रात्री तीन वेळा उठावे लागते, हीही दुसरी बाजू आहे. अशा रुग्णांनी डॉक्टरांना आपले नियम सांगावेत आणि साधू-साध्वीजींना आपल्या आजाराची संपूर्ण वस्तुस्थिती सांगावी. पच्चक्खाणात आगार ठेवण्याची व्यवस्था पूर्वापार आहे, ती अशाच प्रसंगांसाठी. सामायिक ४८ मिनिटांचे. तेवढा वेळ मांडी घालून बसल्यावर ताडकन उठू नये, आधी पाय हलवावेत, मग खुर्चीचा आधार घेऊन उठावे. किंबहुना खुर्चीवर बसूनच सामायिक करावे. ईर्यासमितीमध्ये चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकावयास सांगितले आहे ते जीवरक्षेसाठी. ज्याच्या तळव्यांना भूमी कळत नाही, त्याने आपल्या स्वतःच्या जीवासाठीही ती पाळावी.

एक छोटी चाचणी घरी करता येते. खुर्चीवर बसलेल्या व्यक्तीने उठून, नेहमीच्या चालीने ३ मीटर जावे, वळावे, परत येऊन बसावे. ३ मीटर मोजण्यासाठी आमच्याकडील मीटरपट्टी न्यावी, मोफत आहे! शेजारी कोणीतरी सांभाळायला उभे असावे. १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागला तर पडण्याचा धोका आहे असे समजून डॉक्टरांना सांगावे आणि फिजिओथेरपिस्टकडून तोलाचे व मांड्यांच्या बळाचे व्यायाम शिकून घ्यावेत. विश्रांती म्हणून महिनोन्‌महिने पलंगावर झोपवून ठेवण्याने पाय अधिकच जातात.

विश्वस्त मंडळापुढे माझी विनंती अशी आहे. आपल्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रातून वॉकर, कमोड खुर्च्या दिल्या जातात. वॉकर देताना त्याची उंची रुग्णाच्या मापाने करून द्यावी. हात सरळ खाली सोडून उभे राहिल्यावर मूठ मनगटाच्या रेषेशी यावी. आज आपण सर्वांना एकाच उंचीचा देतो, म्हणजे सर्वांना बेचाळीस मापाचा सदरा. दुसरे, साठीपुढील कर्करुग्णाचा अर्ज मंजूर करताना, केमोची पहिली फेरी होण्यापूर्वी युवक मंडळातील दोघांनी त्या घरी जाऊन न्हाणीघर, दिवे, उंबरठा पाहावा आणि आधारदांडे संस्थेच्या खर्चाने बसवून द्यावेत. एका खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी आपण जे साहाय्य देतो, तेवढ्या रकमेत कित्येक घरांचे दांडे होतील. ताळेबंद समितीपुढे मी मांडीन. तिसरे, अर्जाच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा : ‘गेल्या सहा महिन्यांत पडला आहात काय? किती वेळा? कोठे?’ रोजकीर्दीत नोंद नसेल तर खतावणीत ती रक्कम येणार कोठून? आणि चौथे, आपल्या या वास्तूच्या दर्शनी पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी दात्यांच्या नावांच्या सुंदर पाट्या आहेत, कठडा एका बाजूलाही नाही. तो सुवर्णमहोत्सवी वर्षातच बसवावा. त्याचा खर्च आमच्या थोरल्या बंधूंच्या स्मरणार्थ आमच्या कुटुंबाकडून दिला जाईल, पाटी लावू नये.

 पहिल्या रांगेतील वडीलधाऱ्यांनी उठण्याची घाई करू नये. युवक मंडळाचे कार्यकर्ते हात देण्यासाठी येत आहेत. जय जिनेंद्र.